जुने पार्ट वापरा, पण बॅटरी दारात फोडू नका

दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टायरगाड्या वाटेला लागतात. बैल घरचे, जू लाकडाचं. पण आस आणि चाकं बऱ्याचदा मोडीत निघालेल्या एखाद्या जीपची किंवा ट्रकची. वस्तू टाकून न देता पुन्हा कामाला लावणं, याला आता ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असं नाव मिळालं आहे. आपल्या वस्त्या हे काम गरजेपोटी कधीपासून करत आल्या आहेत.

हे काम चांगलंच आहे. भंगारातलं अॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवं तयार करण्याच्या मानाने जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. जुना स्टार्टर, गिअरबॉक्स, दरवाजा, काच दुसऱ्या गाडीला बसली तर गरीब गाडीमालकाचे पैसे वाचतात. म्हणून गॅरेजवाल्या किंवा भंगारवाल्या भावांना नावं ठेवायला आम्ही हा लेख लिहीत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की या चक्राची किंमत कोणाच्या शरीरातून वसूल होते?

हा प्रश्न आम्हाला एका सहा वर्षांच्या मुलामुळे पडला. पोट सारखं दुखायचं, शौचाला साफ व्हायचं नाही, अंगात रक्त कमी. जंताची गोळी झाली, लोहाचं औषध झालं, गुण येईना. अंगणवाडीत शिकलेलं तो विसरू लागला होता. आम्ही घरी गेलो तेव्हा मागच्या अंगणात चूल दिसली. चुलीवर काळी पडलेली कढई, शेजारी फोडलेल्या बॅटऱ्यांची खोकी.

वडील म्हणाले, “शिसं मोकळं करून विकलं तर भाव बरा येतो ताई. रोजगार दुसरा कुठंय?”

रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागला. शिशाचं प्रमाण धोक्याच्या रेषेच्या बरंच वर निघालं.

गाडीच्या बॅटरीचं निम्म्याहून अधिक वजन शिशाचं असतं. हे शिसं कारखान्यात नीट काढलं तर जवळपास सगळं पुन्हा वापरता येतं. पण उघड्यावर वितळवलं की त्याचा धूर आणि बारीक धूळ मातीत, भांड्यांवर, कपड्यांवर बसते. शिसं कुजत नाही, जळून संपत नाही. मुलं मातीत खेळतात, तीच बोटं तोंडात घालतात. मोठ्यांपेक्षा मुलांचं शरीर शिसं कितीतरी जास्त शोषून घेतं. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं.

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक डेसीलीटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं, तरी ते कुठून येतंय ते शोधून थांबवा, असा तिचा सल्ला आहे. आफ्रिकेतल्या सेनेगल देशात, डाकार शहराजवळच्या एका वस्तीत बॅटऱ्यांचं शिसं काढण्याचं काम चालायचं. तिथे २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत १८ मुलं दगावली. ती वस्तीही आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांची होती.

कायदा आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पोचवण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांची आहे. मोडीत काढायच्या गाड्यांसाठी २०२१ पासून नोंदणीकृत केंद्रांचे नियम आहेत. तिथे आधी बॅटरी, ऑईल, एसीचा गॅस आणि एअरबॅग काढून घ्यायच्या असतात, तोडणी नंतर. पण तालुक्याच्या गावात गाडी जाते गॅरेजच्या मागे आणि तिथून भंगारात. तिथला माणूस उघड्या हातांनी काम करतो.

म्हणून आमचं सांगणं असं :

बॅटरी अख्खीच विका. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेऊन किंमत कमी करतो, ती सवलत मागा. अॅसिड ओढ्यात, गटारात ओतू नका.

काळं ऑईल चुलीत जाळू नका, जखमेला लावू नका. टायर आणि वायर जाळून तार काढू नका. वायर सोलून तांबं काढा.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

एअरबॅगला घरी हात लावू नका, ती फुटते. जुने सीटबेल्ट आणि ब्रेकचे पाईप पुन्हा बसवू नका. जुना टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे.

कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच लेकराला उचला. ते कपडे वेगळे धुवा. घर झाडण्याआधी पाणी शिंपडा. मुलांना नाचणी, पालेभाजी, अंडी, डाळ, दूध मिळेल तेवढं द्या. लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं तर शरीर शिसं कमी शोषतं. पोटदुखी आणि रक्तक्षय औषधाने हटत नसेल तर डॉक्टरांना घरातलं काम आवर्जून सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी मागा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. भंगार वेचण्याचं आणि तोडण्याचं काम कोणत्या जातींच्या वाट्याला आलं, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. त्यांनी महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवली, पुढे आरोग्य विमाही मिळवला. गाड्या तोडणाऱ्या भावांनीही निदान ई-श्रम नोंदणी करावी आणि एकत्र येऊन हातमोजे, मास्क, पाणी आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी मागावी.

त्या मुलाच्या वडिलांनी कढई बंद केली. आता ते बॅटऱ्या अख्ख्याच विकतात. पैसे थोडे कमी येतात. मुलाच्या रक्तातलं शिसं नंतरच्या तपासणीत खाली आलं, पोटदुखी थांबली. पण मेंदूचं झालेलं नुकसान भरून निघेल, असं कोणी सांगू शकत नाही. अंगणातली वरची माती खरवडून काढताना त्याची आई आम्हाला म्हणाली, “ताई, हे आधी कोणी सांगितलं असतं तर!”

म्हणूनच हा लेख. वाचून झाला की आपल्या वस्तीतल्या गॅरेजवाल्याला आणि भंगारवाल्याला वाचून दाखवा. जय भीम.