मोटारीचें कुलूप आणि धोक्याची घंटा

कुलुपाचें काम बाहेरच्यास आंत येऊं न देणें, अशी सामान्य समजूत आहे; आणि घराच्या, दुकानाच्या किंवा तिजोरीच्या बाबतींत ती बरोबरही आहे. मोटारीची गोष्ट थोडी निराळी. तिजोरींत माणूस बसत नाहीं, मोटारींत बसतो. तेव्हां मोटारीच्या कुलुपानें चोराला बाहेर ठेवावें आणि आंतल्या माणसाला मात्र केव्हांही बाहेर पडूं द्यावें, अशीं दोन कामें त्याजकडे आहेत. धोक्याची घंटा व विजेचीं कुलुपें एकत्र जोडतांना पहिल्या कामाचा विचार सर्वच करतात. दुसऱ्याचा विसर पडण्याचा संभव असतो.

भारतांत १९८३ सालीं मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हां तिच्या प्रत्येक दाराचें कुलूप हातानें लावावें लागे. पुढें विजेनें चालणारीं कुलुपें आलीं. तरी स्वस्त गाड्यांना तीं कारखान्यांतून मिळत नसत, आणि जुन्या गाड्यांत तीं आजही पुष्कळदां नसतात. एमएच ३२ हीं वर्धा जिल्ह्याचीं अक्षरें पाटीवर असलेल्या अशा गाड्यांचे मालक मग वर्धा, हिंगणघाट किंवा नागपूर येथील इलेक्ट्रिशियनकडून ‘सेंट्रल लॉक’ बसवून घेतात आणि त्याला रिमोटवर चालणारें घंटेचें यंत्र जोडतात. नाशिकच्या ऑटोकॉप कंपनीचें नांव अशा यंत्रांमुळेंच माहीत झालें.

ही व्यवस्था समजण्यास कठीण नाहीं. प्रत्येक दाराच्या पत्र्याआड एक लहान विद्युत्-मोटर बसवितात आणि तिची दांडी कुलुपाच्या मूळ सळईला जोडतात. दांडी एका दिशेनें सरकली कीं कुलूप लागतें, दुसऱ्या दिशेनें सरकली कीं उघडतें. अशा मोटरीला दोनच तारा असतात. बहुधा एक निळी व दुसरी हिरवी. निळीला बॅटरीचें धन टोंक व हिरवीला ऋण टोंक जोडलें, तर दांडी एकीकडे जाते. टोंकांची अदलाबदल केली, तर उलट फिरते. चालकाच्या दारांतील मोटरीला मात्र पांच तारा असतात. जादा तीन तारा एका खटक्याच्या असून, चालकानें आपलें कुलूप किल्लीनें लावलें किंवा उघडलें कीं तो खटका इतर दारांना तशी सूचना पोंचवितो.

खिशांतील रिमोटचें बटण दाबल्यावर घंटेच्या यंत्रांतून जी सूचना निघते, ती अत्यंत क्षीण असते; बहुधा अर्ध्या अँपिअरहून अधिक भार ती सोसत नाहीं. उलट, चार मोटरी एकदम चालल्या म्हणजे क्षणभर त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. यंत्राची तार सरळ मोटरीला जोडली, तर यंत्रच जळेल. म्हणून मध्यें ‘रिले’ ठेवतात. रिले म्हणजे विजेनें दाबला जाणारा खटका. सूचना येतांच त्यांतील तारेचें वेटोळें लोहचुंबक बनतें, तें एक पट्टी ओढतें, आणि त्या पट्टीवाटें बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरींकडे जातो. मालकानें खूण करावी आणि जड फाटक दारवानानें ओढावें, तसाच हा प्रकार.

ही सूचना सामान्यतः एक सेकंदही टिकत नाहीं, आणि यांतच सर्व मर्म आहे. प्रवाह थांबला कीं मोटर सुटी होते व दांडी जेथें असेल तेथें राहते. कुलूप लागलेलें ठेवण्यास वीज लागत नाहीं, आणि हातानें उघडण्यासही ती लागत नाहीं. चुकीच्या जोडणीमुळें प्रवाह अखंड चालू राहिला, तर मोटरी तापून निकामी होतील. एवढेंच नव्हे, तर आंतून बटण ओढणाऱ्याशीं त्या झगडत राहतील.

ज्या गाडींत सेंट्रल लॉक कारखान्यांतूनच आलें आहे व केवळ घंटा नवी आहे, तेथें निराळी सावधगिरी हवी. कांहीं गाड्या धन सूचना मानतात, कांहीं ऋण. कांहींत टोंकांची अदलाबदल थेट खटक्यांतूनच होते. पहिल्या दोन प्रकारांत नवी तार मूळ तारेला समांतर जोडली म्हणजे पुरे. तिसऱ्यांत मूळ तारा तोडून मध्यें दोन रिले घालावे लागतात. कोणता प्रकार आहे हें मीटर लावून ठरवावें, तारेच्या रंगावरून तर्क करूं नये. नव्या गाड्यांत तर हीं कुलुपें संगणकाच्या आधीन असतात, आणि अपघातांत एअरबॅग उघडली कीं दारांचीं कुलुपें आपोआप उघडण्याची योजनाही अनेक गाड्यांत असते. बाहेरून आणलेल्या घंटेला अपघाताची वार्ता नसते. तिच्यासाठीं भलतीच तार तोडली, तर ती योजनाही नाहींशी होण्याचा धोका आहे.

तारा नेण्याची वाटही महत्त्वाची. दार व चौकट यांच्यामधील तार दाराबरोबर रोज वांकते. ती रबरी नळींतून नेली नाहीं, तर पत्र्यावर घासून उघडी पडते व ठिणगी उडते. म्हणून मुख्य तारेवर, बॅटरीच्या अगदीं जवळ, योग्य मापाचा फ्यूज असलाच पाहिजे.

पुष्कळ यंत्रांत अशी सोय असते कीं, रिमोटनें कुलूप उघडल्यावर सुमारें अर्ध्या मिनिटांत कोणतेंच दार उघडलें नाहीं, तर कुलूप पुन्हां आपोआप लागावें. दार उघडल्याची वार्ता यंत्राला चौकटींतील खटक्यावरून मिळते. काम उरकण्याच्या घाईंत केवळ चालकाच्या दाराचा खटका जोडला, तर काय होईल? आई मागचें दार उघडून मुलाला बसविते, हातांतील किल्ल्या आसनावर ठेवते, दार लावते आणि पिशव्या उचलण्यास वळते. यंत्राच्या लेखीं दार उघडलेंच नाहीं. अर्धें मिनिट भरतांच चारही कुलुपें लागतात. मूल आंत, किल्ल्या आंत. वर्ध्याला मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींतील उष्णता तासाभरांत बाहेरच्याहून वीस अंशांनीं वाढूं शकते, आणि त्यांतील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच होते. लहान मुलाचें शरीर मोठ्यांपेक्षां कितीतरी त्वरेनें तापतें. एका न जोडलेल्या तारेची किंमत एवढी मोठी असूं शकते.

बाहेर पडण्याची वाट बंद होणें म्हणजे काय, हें या जिल्ह्याला वेगळें सांगावयास नको. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखीं पडले. त्यांत वर्ध्याचेही होते. तेथें प्रश्न कुलुपाचा नव्हता, बसचें दारच जमिनीकडे दाबलें गेलें होतें. परंतु जे वांचले, ते कांच फोडून बाहेर आल्यामुळें. वीज बंद पडली तरी सेंट्रल लॉक हातानें उघडतां यावें, ही सोय भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. जुन्या गाडीला मागाहून बसविलेल्या कुलुपाची परीक्षा मात्र मालकानेंच घ्यावयाची आहे.

ती परीक्षा दुकानासमोर, पैसे देण्यापूर्वींच घ्यावी. प्रथम गाडींत बसून कुलुपें लावावीं, इलेक्ट्रिशियनला बॅटरीची तार सोडण्यास सांगावें, आणि चारही दारें आंतून एकेक करून हातानें उघडून पाहावीं. मग त्याच स्थितींत चालकाचें दार बाहेरून लोखंडी किल्लीनें उघडतें कीं नाहीं तें पाहावें. बॅटरी पुन्हां जोडल्यावर रिमोटनें कुलूप उघडून, दर खेपेस एकच निराळें दार उघडून लावावें व मिनिटभर थांबावें. कोणत्याही दाराच्या बाबतींत कुलूप परत लागलें, तर त्या दाराचा खटका जोडलेला नाहीं असें समजावें. शेवटीं फ्यूज कोठें आहे तें पाहून ठेवावें आणि दुसरी किल्ली घरीं ठेवावी. एवढ्या परीक्षेला अर्धा तासही लागत नाहीं. तींत एखादें दार अडलें, तर घंटा कितीही मोठ्यानें वाजत असो, काम पुरें झालेलें नाहीं.