त्रिकोण, घुमट आणि गाईचे वजन

आगपेटीतल्या काड्या घ्यायच्या, त्यांचे गूल खरवडून टाकायचे आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे लहान लहान तुकडे कापायचे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खोचली की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण, चारांचा चौकोन, पाचांचा पंचकोन. चौकोन बोटांनी दाबला की कलतो, पंचकोन तर हवा तसा वाकतो. त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. चौकोन ताठ करायला मूल त्यात एक काडी तिरकी बसवू पाहते, तेव्हा ती अपुरी पडते. बाजूएवढी काडी कर्णाला का पुरत नाही, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. पायथागोरसचा सिद्धांत पुढे कधीतरी फळ्यावर येईल. त्याची गरज त्या मुलाला आधीच कळलेली असते.

हे सोपे साधन अरविंद गुप्ता यांचे. आयआयटी कानपूरमधून अभियंता होऊन ते पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले, ‘किशोर भारती’ संस्थेत राहिले आणि तिथे काड्यांचा हा खेळ जन्माला आला. पुढे अनेक वर्षे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

होशंगाबादचा धडा

ते ज्या कामात सामील झाले होते, ते काम मोठे होते. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सरकारी परवानगीने सहावी ते आठवीच्या १६ शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याची रीत बदलली. मुलांनी गटात प्रयोग करायचे, दिसेल ते आपल्या शब्दांत वहीत लिहायचे, वर्गात चर्चा करून निष्कर्ष काढायचा. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात उत्तरांपेक्षा प्रश्न आणि कृती अधिक होत्या. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची मुभा होती, कारण तपासायची होती ती विचारशक्ती. ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक दोस्ताला मुले मनातले प्रश्न पत्राने विचारत आणि त्यांना उत्तरे मिळत. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने हे काम हजाराच्या आसपास शाळांपर्यंत नेले. २००२ मध्ये राज्य सरकारने ते बंद केले. तीस वर्षे सरकारी शाळांत रुजलेला उपक्रम एका निर्णयाने थांबू शकतो, हेही या कहाणीत आहे.

पाबळची शाळा

स्वतः करून शिकण्याचा हाच विचार महाराष्ट्रात एका अवर्षणग्रस्त गावात उभा राहिला. डॉ. श्रीनाथ कालबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातले वरिष्ठ शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस काम करता करता शिकतो, शिक्षणाची ही नैसर्गिक रीत शाळेने मोडली आहे, ती परत आणायची, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यातून आठवी ते दहावीसाठी ‘आयबीटी’ म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय तयार झाला. आठवड्यातला एक दिवस कामाचा आणि कामाची चार क्षेत्रे: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुले वेल्डिंग करतात, हिमोग्लोबिन तपासतात, प्लेन टेबल लावून जमीन मोजतात. वस्तू बनवण्याआधी लोखंड किती किलो, रॉड किती, मजुरी किती, याचा हिशेब स्वतः मांडतात. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली, हे फार महत्त्वाचे ठरले.

यातला एक पाठ पाहू. गाईला तराजूवर चढवता येत नाही, मग वजन कसे काढायचे? मुले टेप घेऊन गोठ्यात जातात. छातीचा घेर मोजतात, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०. मापे इंचांत घेतली की उत्तर किलोत मिळते. घेर ६० इंच आणि लांबी ५५ इंच असेल, तर वजन सुमारे ३०० किलो. पण घेराचाच वर्ग का, लांबीचा का नाही? कारण गाईचे धड ढोबळमानाने वृत्तचितीसारखे असते आणि वृत्तचितीचे घनफळ काढताना त्रिज्येचा वर्ग येतो. वजन कळले की चाऱ्याचा अंदाज बांधता येतो, औषधाची मात्रा ठरवता येते. भूमिती, जीवशास्त्र आणि घरचा व्यवहार एका दावणीशी एकत्र येतात. ज्या मुलाला पाठ्यपुस्तकातली वृत्तचिती परकी वाटते, त्याला गाय परकी नसते.

काड्यांचा तो त्रिकोणही पाबळला भेटतो, फक्त लोखंडाचा होऊन. त्रिकोणांच्या जोडणीतून आश्रमाने कमी साहित्यात उभे राहणारे घुमट बांधले. खांबांशिवाय तोलून राहणारे हे छत किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर भागातही पोचले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ ही संगणकाच्या मदतीने वस्तू बनवण्याची कार्यशाळा सुरू झाली. कालबाग २००३ मध्ये गेले. काम थांबले नाही.

अडते कुठे?

साधनांअभावी अडत नाही. काड्या, टेप आणि गोठा कोणत्याही गावात आहेत. अडते ते आपल्या मनातल्या उतरंडीत. हाताने काम करणारा खालचा, डोक्याने काम करणारा वरचा, हा जातिव्यवस्थेने दिलेला समज आपण शाळेतही नेला. म्हणून कार्यानुभवाचा तास गणिताला दिला जातो आणि व्यवसाय शिक्षण ‘मागे पडलेल्या’ मुलांच्या वाट्याला येते. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानले, त्याला आता नव्वद वर्षे होत आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. पाऊल योग्य आहे, पण तोकडे आहे. आयबीटीचा विद्यार्थी तीन वर्षांत कामाचे शंभरावर दिवस अनुभवतो. दहा दिवसांत सहल होते, सवय लागत नाही.

कुतूहल शिकवावे लागत नाही. मूल ते घेऊनच शाळेत येते, आणि आपण उत्तरे पाठ करायला लावून ते विझवतो. ते टिकवायचे तर हाताने केलेल्या कामाला वेळापत्रकात हक्काचा दिवस हवा आणि परीक्षेत हक्काचे गुण हवेत. कारण ज्याला गुण नाहीत, त्याला आपल्या शाळेत जागा नाही. वाचकांपैकी कोणी पालक असेल, कोणी शिक्षक, कोणी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल, तेव्हा समितीच्या पहिल्याच बैठकीत आठवड्यातला एक दिवस कामासाठी मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.