हायड्रॉलिक ब्रेक : तेल उघडण्यापूर्वी दोष ओळखा

सायकल दुरुस्ती हा थोड्या भांडवलात उभा राहणारा धंदा. एक पंप, पाण्याचे घमेले, चार पाने आणि सोल्यूशनची ट्यूब एवढ्यावर अनेकांचे संसार चालले. पण दुकानात येणारी सायकल आता बदलली आहे. गिअर आले, मोटारसायकलीसारखी डिस्क आली आणि महाग सायकलींत ब्रेकची तार जाऊन तिच्या जागी तेलाने भरलेली नळी आली. अशी सायकल दारात येताच काही मिस्त्री "हे आपले काम नाही, शोरूमला न्या" म्हणून हात झटकतात. काही जण तक्रार कोणतीही असो, सरळ तेलाचा स्क्रू सैल करतात. पहिला आपली रोजी गमावतो, दुसरा गिऱ्हाइकाचा जीव धोक्यात घालतो. वास्तविक या ब्रेकचे दोष मोजके आहेत आणि त्यांतले बरेचसे तेलाला हात न लावता दूर होतात.

ब्रेक चालतो कसा?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा सिद्धान्त. लिव्हरमधले लहान पिस्टन तेल ढकलते, कॅलिपरमधली मोठी पिस्टने पुढे येतात आणि दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडतात.

लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कसे जाते, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. कॅलिपरमधल्या प्रत्येक पिस्टनभोवती रबरी सील असते. पिस्टन पुढे सरकताना ते थोडे पिळले जाते आणि दाब जाताच मूळ आकारात येऊन पिस्टनला मागे ओढते. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून किंचित पुढे घसरते व तिथेच नवी जागा धरते. म्हणून बहुतेक ब्रेकना तारेच्या ब्रेकसारखे वरचेवर आवळावे लागत नाही.

यावरून दोन नियम निघतात. एक, चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये. मध्ये डिस्क नसल्याने पिस्टने पुढे येतात आणि चाक परत बसत नाही. चाक काढल्याबरोबर पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालावा. दुसरे, पॅड झिजलेले असताना वरून तेल भरू नये. नवे पॅड घालण्यासाठी पिस्टने मागे दाबली की ते जादा तेल जाणार कुठे?

तक्रार ऐका, बोटाने तपासा

ब्रेक ओरडतो, पण धरत नाही : पावसात भिजलेला ब्रेक थोडा वेळ ओरडतो आणि सुकला की गप्प होतो. त्यात दोष नाही. सुक्या रस्त्यावरही आवाज येत असेल आणि पकड कमी असेल, तर पॅडवर तेल गेले आहे असे समजावे. चेनवर फवारलेले तेल, रस्त्यावरचे डिझेल, तेलकट बोटे किंवा कॅलिपरचे गळके सील ही त्याची कारणे. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने व स्वच्छ कापडाने पुसावी. पॅड मात्र तेल पितो. घासून किंवा भाजून तो खात्रीने शुद्ध होत नाही, बदलणेच बरे. सील गळत असेल तर आधी ते काम करावे, नाहीतर नवा पॅडही वाया जाईल.

चाक फिरताना घासते : कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि त्याच स्थितीत बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळा. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर डिस्क आऊट आहे. ती स्वच्छ पान्याने हलकेच सरळ करता येते. एकाच बाजूचा पॅड सतत घासत असेल तर त्या बाजूचे पिस्टन धुळीने अडकले आहे. ते थोडे बाहेर काढून पुसावे आणि प्लास्टिकच्या पट्टीने मागे ढकलावे. स्क्रू-ड्रायव्हरने कधीही दाबू नये.

लिव्हर फार आत जाते, पण शेवटी टणक लागते : आधी पॅड पाहा. शिमानोच्या ब्रेकमध्ये पॅडचा थर ०.५ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा लागतो. त्यांच्या नव्या डिस्कची जाडी १.८ मिलिमीटर असते, ती १.५ वर आली की डिस्कही बदलावी.

लिव्हर स्पंजसारखी मऊ लागते : आत हवा आहे. तेल दबत नाही, हवा दबते. सायकल उलटी करून ठेवल्यावर हा दोष दिसला, तर लिव्हरजवळच्या टाकीतली हवा नळीत गेली आहे. एअर काढण्याची वेळ ती हीच.

लिव्हर दाबून धरली असता हळूहळू आत बुडते : सील निकामी झाले आहे. अशी सायकल चालवू देऊ नये.

दोन तेलांची गल्लत नको

शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात; होप व श्रामचे बरेच ब्रेक डॉट जातीच्या तेलावर. पण केवळ कंपनीच्या नावावर जाऊ नये. श्रामनेच २०२४ साली आणलेल्या मेव्हन ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे. लिव्हरच्या झाकणावर काय लिहिले आहे ते वाचावे.

मोटारसायकलीच्या ब्रेकसाठीचे डॉट तेल स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळते, म्हणून तेच ओतण्याचा मोह होतो. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये ते गेले की सील फुगतात आणि ब्रेक बाद होतो. उलट केले तरी नुकसान तेच. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल असून ५.१ हून अगदी वेगळे आहे. नावावर फसू नये.

डॉट ४ व ५.१ हवेतला ओलावा शोषतात. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावरच्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. लांब घाट उतरताना ब्रेक तापला आणि आत वाफ झाली, तर लिव्हर हातात नुसतीच येते. म्हणून डॉटचे तेल साधारण वर्षाने बदलावे. हे तेल रंगही खाते. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

एअर काढताना चाक व पॅड बाजूला ठेवा आणि पिस्टनमध्ये ब्लॉक घाला. शिमानोच्या पद्धतीत लिव्हरवर नरसाळे लावून कॅलिपरकडून सिरिंजने तेल वर चढवतात. हवा वर जाते, बुडबुडे नरसाळ्यात येतात. कॅलिपर व नळीला हलके टिचक्या माराव्यात. बुडबुडे थांबले आणि लिव्हर टणक लागली की सारे बंद करून अल्कोहोलने पुसावे, मगच पॅड घालावे.

नवे पॅड लावले की मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून सुमारे २० वेळा आणि जरा जास्त वेगातून १० वेळा, चाक न अडवता, वेग अगदी कमी करावा. पॅडचा थर डिस्कवर बसल्याशिवाय पकड येत नाही. हे न सांगितल्यास गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन येते.

धंद्याच्या दृष्टीने

या कामाला मोठे यंत्र लागत नाही. दोन तेलांसाठी सिरिंजचे दोन वेगळे संच, त्यांवर ठळक चिठ्ठ्या, टॉर्क पाना, टी-२५ चावी, अल्कोहोल आणि चालू मापाचे पॅड एवढे पुरे. एका वहीत गिऱ्हाइकाचा ब्रेक, तेलाची जात व तारीख लिहून ठेवावी. काढलेला पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा; झिजलेला माल त्याने स्वतः पाहिला की बिलावर वाद होत नाही. जिथे दोन बोल्ट आवळून काम भागते तिथे तेल बदलल्याचे पैसे लावू नयेत. पाच मिनिटांचे काम पाच मिनिटांचे म्हणून सांगणारा मिस्त्री गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो. कापडाचा धंदा असो की सायकलचा, माप चोख असेल तर गिऱ्हाईक दुकान बदलत नाही. आणि इथे तर मापाच्या दुसऱ्या टोकाला उतारावरून येणाऱ्या माणसाचा जीव आहे.