लेझर रेंजफाइंडर : डब्यावरचा आकडा किती खरा?

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. आता अशा जवळजवळ २३ खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या आहेत अशी कल्पना करा. झाले ५०० यार्ड, म्हणजे साधारण ४५७ मीटर. अमेरिकेच्या पश्चिम भागात, वायोमिंग आणि मोंटानासारख्या राज्यांत, इतक्या लांबून हरणाची शिकार करणारे लोक आहेत. तिथे मैलोन्‌मैल उघडं माळरान असतं आणि प्राणी माणसाला दुरूनच पाहतो. समोरचं हरीण ४५० यार्डांवर आहे की ५५०, हे नुसत्या नजरेने सांगणं जवळजवळ अशक्य. म्हणून या शिकाऱ्यांच्या खिशात एक छोटं यंत्र असतं : लेझर रेंजफाइंडर.

तुम्ही म्हणाल, भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग आपल्याला याचं काय? पण हेच यंत्र आपल्याकडे गोल्फच्या मैदानावर आणि जंगलात प्राणी मोजतानाही वापरतात. शिवाय शिकारी हे यंत्र ज्या पद्धतीने तपासून घेतात, ती पद्धत कुठलीही वस्तू विकत घेताना कामी येईल.

आत नेमकं काय होतं?

बटण दाबलं की यंत्रातून डोळ्यांना न दिसणाऱ्या लेझरचा एक अतिशय छोटा झोत निघतो. तो समोरच्या वस्तूवर आदळतो, त्यातला थोडासा प्रकाश परत येतो आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्यामुळे ५०० यार्डांवर जाऊन परत यायला त्याला फक्त ३ मायक्रोसेकंद लागतात. एका यार्डाचा फरक ओळखायचा तर सुमारे ६ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सहापट इतका वेळ मोजता यायला हवा. तळहातावर मावणारं यंत्र हे काम करतं!

आकड्याची खरी गोष्ट

डब्यावर मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो : समजा, २००० यार्ड. हा आकडा बहुतेक वेळा चकचकीत वस्तूसाठी असतो, जसं रस्त्यावरची परावर्तक पाटी. अशी पाटी बराचसा प्रकाश परत पाठवते. झाडाची साल त्याहून कमी पाठवते आणि हरणाची मऊ, तपकिरी कातडी त्याहूनही कमी. म्हणून पाटीसाठी, झाडासाठी आणि हरणासाठी तीन वेगळे आकडे असतात. हरणाचा आकडा सगळ्यांत लहान, आणि बऱ्याचदा तो आतल्या कागदावर बारीक अक्षरांत सापडतो.

परावर्तकाची करामत किती मोठी असते, याचं एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर नासाने दिलेला, जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद परावर्तक बसवलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून त्यावर लेझर सोडला आणि त्याचा प्रकाश परत आला. तेव्हा यंत्र किती लांबचं मोजतं, हे समोर काय आहे त्यावरही ठरतं.

चाचणी कशी घेतात?

जाणकार शिकारी नवीन यंत्र थेट रानात नेत नाहीत. आधी त्याची परीक्षा घेतात.

१. माहीत असलेलं अंतर : टेपने मोजलेल्या जागेवर निशाणी ठेवून दहा वेळा वाचन घ्यायचं. दहाही आकडे एक-दोन यार्डांच्या फरकात आले, तर यंत्रावर भरवसा ठेवता येतो.

२. खरी वस्तू : पाटी सोडून झाड, सुकं गवत, कुरणातली गाय यांच्यावर मोजायचं. हळूहळू लांब जात राहायचं आणि आकडा कुठे येईनासा होतो ते लिहून ठेवायचं.

३. वेळ आणि हवा : भर दुपारच्या उन्हात सूर्याचाच प्रकाश इतका असतो की परत आलेला लेझर त्यात हरवतो. संध्याकाळी तेच यंत्र जास्त लांब पाहतं. धुकं आणि पाऊस असेल तर लेझर वाटेतच विखुरतो.

४. हात की तिपाई : झोत जसा पुढे जातो तसा पसरतो. तो २ मिलिरेडियन पसरणारा असेल, तर ५०० मीटरवर त्याची रुंदी १ मीटर होते. हात थोडा हलला तरी हरणाऐवजी मागच्या टेकडीचं किंवा पुढच्या झुडपाचं अंतर येतं. म्हणून हातात धरून आणि तिपाईवर लावून, दोन्ही प्रकारे तपासतात.

५. चढ-उतार : डोंगरावरून ३० अंशांच्या उतारावर ४०० यार्ड दिसले, तर आडवं अंतर फक्त ३४६ यार्ड असतं. गोळी किती खाली येणार, ते मुख्यतः या आडव्या अंतरावर ठरतं. चांगलं यंत्र हा हिशेब स्वतः करतं, पण तो बरोबर करतं का, हे पाहावं लागतं.

२५ यार्डांची किंमत

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी? गोळी सरळ रेषेत जात नाही, ती सतत खाली येत असते. .३०८ विंचेस्टर हे तिथलं प्रचलित काडतूस. १०० यार्डांवर जुळवलेल्या बंदुकीतून सुटलेली त्याची गोळी ५०० यार्डांपर्यंत साधारण ५ फूट खाली येते. तिथे अंतर मोजण्यात २५ यार्डांची चूक झाली, तर गोळी सुमारे ५ इंच वर किंवा खाली लागते. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम ८ ते १० इंचांचा. म्हणजे या चुकीमुळे गोळी पोटात किंवा पायात बसू शकते. प्राणी तिथे पडत नाही. तो पळतो, झाडीत शिरतो आणि कित्येक तास तडफडत राहतो. अनेकदा तो सापडतही नाही.

आणि अंतर अचूक कळलं, तरी वारा किती आहे हे साधं रेंजफाइंडर सांगत नाही. गोळीला ५०० यार्ड जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हरीण एक पाऊल पुढे टाकू शकतं. म्हणूनच अमेरिकेतही या प्रकारावर वाद आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब ही शिकाऱ्यांचीच जुनी संस्था, पण प्राण्याला निसटण्याची संधी न देणाऱ्या लांब पल्ल्याच्या शिकारीला तिचा विरोध आहे. विचारी शिकारी चाचणीतून मिळालेल्या आकड्याकडे मर्यादा म्हणून पाहतात. त्यापलीकडे बंदूक खाली ठेवायची.

आपल्या जंगलात हेच यंत्र

आता आपल्याकडे या. २००६ पासून दर ४ वर्षांनी देशभर वाघांची गणना होते. त्यात वाघाचं भक्ष्य असलेले चितळ, सांबर किती आहेत, याचाही अंदाज घेतला जातो. त्यासाठी माणसं जंगलात ठरलेल्या सरळ रेषेवरून चालतात. कळप दिसला की रेंजफाइंडरने अंतर आणि कंपासने दिशा टिपतात. कळप पळाला, तर तो आधी उभा होता तिथल्या झाडावर लेझर टाकून अंतर घेतात. अशा नोंदींवरून त्या भागात किती प्राणी असतील ते काढतात. इथेही अंतर सतत चुकलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकणार.

तुम्ही घेणार असाल तर

गोल्फसाठी, जमीन मोजायला किंवा निसर्ग निरीक्षणासाठी रेंजफाइंडर घ्यायचा विचार असेल, तर दुकानदाराला मोठा आकडा विचारू नका. "झाडावर किती? मळक्या, काळपट वस्तूवर किती?" असं विचारा. घरी आणल्यावर शाळेच्या मैदानातल्या १०० मीटरच्या धावपट्टीवर तपासा, दुपारी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. गोल्फ स्पर्धेत खेळत असाल, तर चढ-उताराचा हिशेब करणारी सोय बंद ठेवा, नियमांना ती चालत नाही. आणि मुलांच्या हातात दिलंत, तर कोणाच्या डोळ्यांवर रोखायचं नाही, हे आधी सांगा.