मदेरा : उष्णतेत मुरलेली मदिरा

पोर्तुगीज भाषेत ‘मदेरा’ म्हणजे लाकूड. आपल्या मदिरेशी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे. अटलांटिक महासागरातील या बेटावर द्राक्षरसाचे किण्वन मद्यार्क मिसळून थांबवितात. पूर्वी भारतापर्यंत जहाजाने जाऊन परतलेली पिंपे अधिक स्वादिष्ट ठरत. आता तीच ऊब ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने, किंवा माळ्यावरील पिंपांत अनेक वर्षे दिली जाते. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात साधी वाइन बिघडते. हिला उष्णताच मुरविते. उघडलेली बाटलीही कित्येक महिने टिकते. जुनी मदेरा मी घोट-घोट चाखली. अक्रोडाचा स्वाद व सुखद आंबटपणा जिभेवर रेंगाळला.

हा आनंद प्रौढांपुरताच. सर्दीवर तान्ह्याला मद्याचा थेंबही चाटवू नये, रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते, हे आपण पालकांना निक्षून सांगावे.