वाढदिवस आणि ट्रायथलॉन : वेळेचा ताळेबंद

रविवारी पहाटे छावणीवरून पडेगाव-मिटमिट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, तर डोक्यावर शिरस्त्राण आणि सायकलीला लुकलुकता तांबडा दिवा लावलेले दहा-पाच स्वार दौलताबादच्या दिशेने जाताना हटकून दिसतात. त्यांत डॉक्टर असतात, बँकेतले अधिकारी असतात, शिक्षक असतात. आणि गेली तीन वर्षे प्रस्तुत लेखकही असतो. यांतील अनेकांच्या मनात ट्रायथलॉन नावाची स्पर्धा घर करून बसलेली असते. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचे. हे सारे एकामागोमाग, घड्याळ न थांबवता. गोव्यात 2019 साली सुरू झालेल्या अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे असा क्रम असतो. चाळिशी ओलांडलेल्या नोकरदार माणसाला एवढ्या तयारीसाठी आठवड्याला दहा-बारा तास सहज द्यावे लागतात. हे तास येतात कोठून, हा या लेखाचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. पण त्याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला एका वाढदिवसाने दिले, आणि ते फारसे सुखावह नव्हते.

मुलीचा अकरावा वाढदिवस रविवारी आला. त्याच दिवशी वेरूळपर्यंत जाऊन येण्याचा बेत ठरलेला होता; म्हणजे साठेक किलोमीटर. ‘दहापर्यंत येतो, मग औक्षण करू,’ असे सांगून मी पहाटे निघालो. खुलताबादच्या घाटात चाक पंक्चर झाले आणि घरी पोचेतो बारा वाजून गेले. पाटाभोवतीची रांगोळी पुसट झाली होती, आणि आईने निरांजनात दोनदा तूप घालून वात तेवत ठेवली होती. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा त्यांच्यादेखत मी खुर्चीतच पेंगलो. पानातली बासुंदी ‘सध्या वर्ज्य आहे’ म्हणून परत केली. रात्री मुलीने विचारले, “बाबा, तुमची स्पर्धा कधी संपते?” स्पर्धेला अजून सात महिने होते. तिला मात्र स्पर्धेची तारीख नको होती, हे कळायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नव्हती.

फुकटचा वेळ कोणाचा?

तरीही अर्थशास्त्राचा येथे उपयोग आहे. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, ती निवडलेल्या गोष्टीची खरी किंमत होय. या संधी खर्चाची व्याख्या आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. गॅरी बेकर यांनी 1965 साली वेळेच्या वाटपावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आणि घर म्हणजे केवळ उपभोगाची जागा नसून वेळ व वस्तू एकत्र आणून सुख निर्माण करणारा एक छोटा कारखानाच आहे, हे दाखवून दिले. त्या कारखान्याच्या हिशेबवहीत माझे पहाटेचे तीन तास जमेस धरले जात होते. पण नावे कोणाच्या पडत होते?

या शहराने नळाच्या पाण्यासाठी आठ-आठ दिवस वाट पाहिलेली आहे. पाण्याचा वार आणि माझा तरणतलावाचा वार एकच आला, की मी पाण्यात असे आणि पत्नी हंडे-पिंप भरत असे. मुलीचा डबा, आईची औषधे, दारावर येणारा दूधवाला हे सारे माझ्या ‘शिस्तीच्या’ पाठीमागे निमूटपणे उभे होते. दौलताबादच्या रस्त्यावर स्त्रिया दिसतात, पण मोजक्याच. त्यांना व्यायामाचे महत्त्व कळत नाही असे थोडेच आहे? पहाटेचा तो वेळ त्यांच्या मालकीचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुरुषाची चिकाटी म्हणून जिचे कौतुक होते, तिचा बराचसा हिस्सा उसना घेतलेला असतो.

वाढदिवसातून जन्मलेला खेळ

गंमत अशी की हा खेळ मुळात एका वाढदिवसातूनच उगम पावला. अमेरिकेतील सॅन डिएगोचे वकील डेव्हिड पेन यांनी 1972 साली आपला पन्नासावा वाढदिवस धावण्याच्या आणि पोहण्याच्या जोडशर्यतीने साजरा केला. पुढे ती शर्यत वर्षाच्या वर्षी होऊ लागली. तीत उतरलेल्या जॅक जॉनस्टोन यांना अशाच आणखी शर्यती व्हाव्यात असे वाटले. त्यांनी डॉन शॅनहन यांच्या सहकार्याने 25 सप्टेंबर 1974 रोजी मिशन बे येथे सायकलीची भर घालून पहिली ट्रायथलॉन भरवली. तीत 46 स्पर्धक होते. त्यांत जॉन आणि जुडी कॉलिन्स हे दांपत्य होते. याच दांपत्याच्या कल्पनेतून 1978 साली हवाई बेटांवर लांब पल्ल्याची ‘आयर्नमॅन’ जन्माला आली. पंधरा जण निघाले, बारा जणांनी ती पूर्ण केली. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी 2015 साली, पन्नाशी पूर्ण होण्यापूर्वी काही महिने, झुरिच येथे ती पुरी केली, तेव्हा अनेक मध्यमवयीन मराठी माणसांनी माळ्यावरची सायकल खाली काढली असेल.

म्हणजे वाढदिवस आणि व्यायाम यांत मुळातून वैर नाही. वैर आहे ते दोहोंत शिरलेल्या प्रदर्शनाशी. थॉर्स्टाईन व्हेब्लेन यांनी 1899 साली दिखाऊ उपभोगाचे वर्णन केले. आज चौकाचौकांतले शुभेच्छांचे फलक आणि तलवारीने कापले जाणारे केक पाहून ते आठवते. परंतु लाखाची सायकल घेऊन तिचे छायाचित्र मित्रांना धाडणारे आम्ही तरी निराळे कोठे आहोत? औक्षणाला मात्र खर्च येतो तो एका सुपारीचा, चिमूटभर कुंकवाचा आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी एका ठिकाणी असण्याचा. यांतली शेवटची वस्तू सर्वांत दुर्मीळ झाली आहे.

सुट्टीचे गणित

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत बारावीचा विद्यार्थीही जाणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला मध्यम स्वरूपाचा 150 ते 300 मिनिटांचा व्यायाम आरोग्यापुरता हितावह आहे. त्यापुढचे तास आरोग्याचे कमी आणि हौसेचे अधिक. हौस वाईट नव्हे. पण तिला कर्तव्याचे सोवळे नेसवू नये. एखाद्या दिवसाच्या विश्रांतीने कमावलेला दम जात नाही, आणि वाटीभर बासुंदीने तर नाहीच. लांब पल्ल्याच्या शरीराला पिष्टमय व गोड पदार्थ लागतातच. सरावाचा रविवार वर्षातून बावन्न वेळा येतो. मुलीचा अकरावा वाढदिवस मात्र आयुष्यात एकदाच येतो. त्याचा साठा करता येत नाही.

यंदा आम्ही वर्षाचे वेळापत्रक उलट्या बाजूने आखले. आधी घरातल्यांचे वाढदिवस, पाण्याचे वार आणि पत्नीच्या स्वतःच्या दोन पहाटा. उरलेल्या जागेत माझा सराव. स्पर्धेत त्यामुळे थोडा वेळ अधिक लागेल, लागो. मुलीच्या बाराव्या वाढदिवशी सकाळी औक्षण झाले आणि मग आम्ही तिघे विद्यापीठाच्या परिसरात सायकली घेऊन गेलो. चढावर ती मागे राहिली, म्हणून मी थांबलो. घड्याळ चालूच होते. पण त्या दिवशी ते कोणी पाहिले नाही.