रक्ताचा गट आणि माणसाचा स्वभाव

मनुष्याचा स्वभाव चटकन ओळखता यावा, ही इच्छा फार पुरातन आहे. आयुर्वेदाने वात, पित्त आणि कफ यांवरून प्रकृतिभेद सांगितले. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार रसांवरून स्वभावाचे चार प्रकार कल्पिले. कोणी जन्मराशीचा आधार घेतला, तर कोणी हातावरील रेषांचा. या खटपटीमागील हेतू वाईटच असतो असे नाही. समोरच्या माणसावर विश्वास टाकावा की नाही, त्याला भागीदार करावे की नाही, त्याच्या घरी मुलगी द्यावी की नाही, हे प्रश्न संसारात पदोपदी उभे राहतात. सहवासाने माणूस कळतो खरा. पण सहवासाला काळ लागतो आणि तेवढा धीर सर्वांपाशी नसतो. मग एखाद्या बाह्य खुणेवरून माणसाची पारख करण्याचा सोपा मार्ग पत्करला जातो. हा मार्ग पारख करणाराला सोयीचा असतो. त्याचा जाच मात्र ज्याची पारख होते त्याला सोसावा लागतो. विज्ञानाचे नाव घेऊन चालणाऱ्या अशा एका समजुतीची हकीकत जपानसारख्या सुशिक्षित देशात पाहावयास मिळते.

जपानमध्ये दोन माणसांची नवी ओळख झाली म्हणजे 'तुमचा रक्तगट कोणता?' असा प्रश्न सहज विचारला जातो. विचारणाऱ्याला रक्त द्यावयाचेही नसते आणि घ्यावयाचेही नसते. त्याला स्वभाव जाणून घ्यावयाचा असतो. प्रचलित समजूत अशी की, ए गटाचा मनुष्य शिस्तप्रिय, कामसू आणि काळजीखोर. ओ गटाचा मोकळ्या मनाचा व पुढारीपण करणारा. बी गटाचा मनस्वी आणि आपमतलबी. आणि एबी गटाचा हुशार, पण लहरी व दुटप्पी. मासिके आणि दूरचित्रवाणी या समजुतीला सतत खतपाणी घालीत आली आहेत. २००८ साली जपानमध्ये सर्वाधिक खपलेल्या दहा पुस्तकांपैकी चार पुस्तके या चार रक्तगटांच्या स्वभाववर्णनाची होती, यावरून तिचा प्रसार किती आहे हे ध्यानात येईल.

वस्तुतः रक्तगट म्हणजे काय? व्हिएन्नाचे संशोधक कार्ल लँडस्टायनर यांनी १९००-१९०१ च्या सुमारास असे दाखवून दिले की, एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले असता कधी कधी तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, आणि त्यावरून माणसांच्या रक्ताचे गट पाडता येतात. या शोधाबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या कणांच्या सूक्ष्म साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला एका प्रकारची शर्करा जोडली गेली तर ए गट, दुसऱ्या प्रकारची जोडली गेली तर बी, दोन्ही असल्या तर एबी आणि दोन्ही नसल्या तर ओ. भेद आहे तो एवढाच. तो आईबापांकडून मुलांकडे येतो आणि जन्मभर सहसा बदलत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचे महत्त्व प्राणाइतके आहे. परंतु मनुष्य वक्तशीर की आळशी, उदार की स्वार्थी, हे त्या शर्करेने ठरावे असे कोणतेही कारण सापडलेले नाही.

मग ही समजूत उपजली कोठून? पहिल्या महायुद्धात सॅलोनिका येथील आघाडीवर लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर पतिपत्नींनी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले आणि १९१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ए आणि बी गटांचे प्रमाण सर्व देशांत सारखे नाही, असे त्यांना आढळून आले. वायव्य युरोपातील सैनिकांत ए गट अधिक होता, तर भारतीय सैनिकांत बी गटाचे प्रमाण फार मोठे होते. ही निव्वळ मोजणी होती. पण युरोपातील काही वंशाभिमानी लेखकांनी तिच्यातून उच्चनीचतेचा अर्थ काढला आणि ए गट हे श्रेष्ठत्वाचे चिन्ह ठरविण्याचा प्रयत्न केला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९२७ साली, टोकियोतील एका महिला अध्यापन विद्यालयात शिकविणाऱ्या ताकेजी फुरुकावा यांनी रक्तगट आणि स्वभाव यांचा संबंध सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा आधार म्हणजे मोजक्या माणसांनी स्वतःविषयी दिलेली उत्तरे. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर सर्व मानवजातीच्या स्वभावाचा सिद्धांत उभा करणे धाडसाचेच होते; परंतु गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. फोर्मोसा, म्हणजे आजचे तैवान, त्या काळी जपानच्या ताब्यात होते. १९३० साली तेथील आदिवासींनी जपानी राजवटीविरुद्ध उठाव केला. फुरुकावा यांनी या लोकांच्या रक्तगटांची तुलना उत्तरेकडील ऐनू लोकांशी केली आणि फोर्मोसातील लोकांत ओ गट अधिक असल्यामुळे ते बंडखोर आहेत, असे अनुमान मांडले. राज्यकर्त्यांचा जुलूम, हिरावून घेतलेले रान, सक्तीची मजुरी यांचा विचार करण्याचे मग कारणच उरले नाही. पिडलेला माणूस का उठला हे त्याला विचारण्याऐवजी त्याच्या रक्ताची तपासणी करावयाची! माणसांचे ठोकळेवजा प्रकार पाडण्यात किती मोठा धोका आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

पुढे तज्ज्ञांच्या टीकेमुळे हा सिद्धांत मागे पडला. परंतु १९७१ साली मासाहिको नोमी नावाच्या लेखकाने, वैद्यकाचे शिक्षण नसताना, रक्तगटांवरून माणसांचे परस्परांशी कसे जुळेल हे सांगणारे पुस्तक लिहिले. ते अतिशय लोकप्रिय झाले आणि विस्मृतीत गेलेली कल्पना घरोघर पोचली.

या वर्गवारीची झळ सर्वांना सारखी लागत नाही. जपानमध्ये शंभर माणसांत सुमारे चाळीस ए गटाची, तीस ओ गटाची, वीस बी गटाची आणि दहा एबी गटाची असतात. दूषणे कोणाच्या वाट्याला आली आहेत पाहा: ज्यांची संख्या थोडी, त्यांच्याच. बहुसंख्यांचे गुण हे सद्गुण आणि अल्पसंख्यांचे वेगळेपण हा दोष, हा व्यवहार जगात इतरत्रही आढळतो. येथे त्याला रक्ताचे निमित्त मिळाले एवढेच. बी गटाची म्हणून विवाह जमविताना नाके मुरडली जाणे, नोकरीच्या ठिकाणी टोमणे ऐकावे लागणे, शाळेत चिडविले जाणे, असे प्रकार इतके बोकाळले की, या छळासाठी जपानी भाषेत 'बुराहारा' असा स्वतंत्र शब्द रूढ झाला. काही बालशाळांत तर मुलांना शिकविण्याची पद्धत रक्तगट पाहून ठरविण्यात आली. २००४ साली दूरचित्रवाणीवर अशा कार्यक्रमांची गर्दी झाली आणि प्रेक्षकांच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा रक्तगटावरून माणसांविषयी दुराग्रह पसरणार नाही याची काळजी घ्यावी, असे प्रसारणाच्या नीतीवर देखरेख करणाऱ्या तेथील संस्थेला प्रसारकांना बजावावे लागले.

शास्त्राचा निर्णय या बाबतीत संदिग्ध नाही. केन्गो नावाता या मानसशास्त्रज्ञाने जपान आणि अमेरिका या दोन देशांतील दहा हजारांहून अधिक माणसांची उत्तरे तपासून २०१४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. अडुसष्ट प्रश्नांपैकी पासष्ट प्रश्नांच्या उत्तरांत रक्तगटांमुळे कोणताही लक्षणीय फरक आढळला नाही, आणि उरलेल्या तीन प्रश्नांतील फरक नाममात्र होता.

असे असूनही 'आमच्या ओळखीच्या माणसाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते' असे सांगणारे शेकडो लोक भेटतात. ते खोटे बोलतात असे मुळीच नाही. अमेरिकेतील बर्ट्रम फोरर या अध्यापकांनी १९४८ साली या भ्रमाचे मर्म उघड केले. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक लेखी स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते याला पाचांपैकी गुण द्यावयाचे होते. सरासरी गुण पडले ४.२६. वास्तविक सर्वांच्या हाती दिलेले वर्णन अक्षरशः एकच होते आणि त्यातील बराचसा मजकूर बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. 'तुम्ही कधी मनमिळाऊ असता, तर कधी एकलकोंडे' अशा धाटणीचे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? शिवाय बी गटाच्या मनुष्याने एकदा हट्ट केला की 'पाहा, बी गट!' असे म्हटले जाते. ए गटाच्या मनुष्याने दहादा हट्ट केला तरी त्याच्या रक्ताची आठवण कोणाला होत नाही. समजुतीला अनुकूल तेवढे ध्यानात राहते, प्रतिकूल ते गळून जाते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, माणसावर मारलेला शिक्का हळूहळू त्याच्या अंगात भिनतो. साकामोतो आणि यामाझाकी या संशोधकांनी १९७८ ते १९८८ या काळातील तीस हजारांहून अधिक जपानी लोकांची उत्तरे पडताळून पाहिली. ही समजूत जसजशी समाजात पसरली, तसतसे लोक स्वतःचे वर्णन आपापल्या गटाला साजेसे करू लागले, असे त्यांना दिसून आले. म्हणजे रक्ताने स्वभाव घडविला नाही; परंतु रक्ताविषयीच्या बोलण्याने माणसाची स्वतःविषयीची कल्पना मात्र थोडीशी घडविली. ज्या मुलाला लहानपणापासून 'तू मुळात आपमतलबी' असे ऐकविले जाते, त्याने उदार होण्याची उमेद कोठून आणावी?

हाच शिक्का कधी ढालीप्रमाणेही वापरला जातो. २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर जपानचे पुनर्रचना मंत्री झालेले ऱ्यू मात्सुमोतो हे आपत्तिग्रस्त प्रांतांच्या गव्हर्नरांशी उद्धटपणे बोलल्याबद्दल टीकेचे धनी झाले. तेव्हा आपला रक्तगट बी असल्यामुळे आपले बोलणे तुटक होते, असाही खुलासा त्यांनी केला. लोकांचे समाधान झाले नाही आणि त्याच वर्षी ५ जुलै रोजी त्यांना पद सोडावे लागले. स्वभाव जर रक्तातच असेल, तर वागणुकीचा दोष कोणाकडेच राहत नाही. आणि सुधारण्याची जबाबदारीही राहत नाही.

भारतापुरते पाहिले तर या समजुतीतील पोकळपणा सहज उघडा पडतो. भारतात बी गटाची माणसे ए गटाच्या माणसांपेक्षा अधिक आहेत. ढोबळ मानाने तिघांतील एक. जपानी समजूत खरी मानावयाची तर सॅलोनिकाच्या आघाडीवर गेलेले शिपाई, शेतात एकमेकांच्या मदतीला धावणारे शेतकरी आणि पंढरीच्या वाटेवर परक्याला आपल्या भाकरीतील चतकोर देणारे वारकरी, यांतील तिसरा हिस्सा स्वार्थी ठरवावा लागेल! अर्थात् याचा अर्थ येथील समाज अशा दोषांपासून मुक्त आहे, असा नव्हे. मूळ नक्षत्रावर जन्मलेली सून सासऱ्याच्या जिवावर उठते, ही भीती घालून किती मुलींची लग्ने अडविली गेली! खूण आकाशातील असो की रक्तातील, तिच्यावरून न केलेल्या कृत्याची शिक्षा आधीच सुनावली जाते.

स्वभावांत भेद असतात, हे कोणीही नाकारणार नाही. कोणी अबोल, कोणी बोलका. कोणी उतावळा, कोणी सावकाश. ते भेद पाहावेत, समजून घ्यावेत. पण ते त्या त्या माणसाच्या वागण्यातून पाहावेत आणि तो उद्या बदलू शकेल, एवढी जागा त्याला ठेवावी. रक्तगटाचा खरा उपयोग रुग्णालयात आहे. तेथे अपघातात सापडलेल्या माणसाला रक्त चढविताना डॉक्टर गट जुळतो की नाही हे कसोशीने पाहतात. ते रक्त देणारा शिस्तीचा होता की लहरी, याची चौकशी तेथे कोणी करीत नाही. तो कोण होता, हे घेणाऱ्याला बहुधा कधीच कळत नाही. आपले रक्त परक्याला देऊन तो निघून गेलेला असतो.